घरातलं ब्रह्मकमळ : निगा, रोपं आणि हिशोब

(फेडरेशनच्या मासिक सभेत एका कृषी सखीने केलेलं मार्गदर्शन. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते बोललं तसंच इथे देत आहोत.)



गेल्या दोन महिन्यांत चार-पाच गटांकडून मला एकच विषय ऐकायला मिळाला. काही ताया विचारतात, “ब्रह्मकमळाची रोपं करून विकली तर चालतील का?” आणि काही जणी जरा दबक्या आवाजात विचारतात, “ताई, एक जण गावात येऊन सांगतोय की रोपं आमच्याकडून घ्या, वर्षाने आम्हीच दुप्पट भावाने परत घेऊ. गटातून कर्ज काढून घ्यावीत का?”

दोन्ही प्रश्नांचं उत्तर आज देणार आहे. पण आधी झाड ओळखू, मग त्याची निगा बघू आणि शेवटी वही-पेन काढून हिशोब करू. झाड कसं वाढतं हे एकदा कळलं, की त्या माणसाच्या बोलण्यात किती दम आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

हे झाड आहे तरी कोणतं?

पहिली गोष्ट. आपल्या पडवीत, खिडकीत जे लांब चपट्या पानांचं झाड लोंबत असतं आणि ज्याला पावसाळ्यात रात्री मोठं पांढरं फूल येतं, ते हिमालयातलं ब्रह्मकमळ नाही. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. ते उंच डोंगरावर, थंडीत वाढतं, केदारनाथ-बद्रीनाथला देवाला वाहतात आणि ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. नात्याने ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या कुंडीत ते जगणार नाही.

आपल्या कुंडीतलं झाड म्हणजे चक्क निवडुंग आहे! शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. त्याचं माहेर मेक्सिको आणि त्याच्या खालचा मध्य अमेरिकेचा भाग. सांगली-सोलापूरकडे शेतात सिमेंटच्या खांबावर जे ड्रॅगन फ्रूट चढवतात, ते याच्याच नात्यातलं. त्याचंही फूल असंच मोठं, पांढरं आणि रात्री उमलणारं.

आता तुम्ही म्हणाल, निवडुंग म्हटलं की काटे आणि माळरान. पण हा निवडुंग माळरानावरचा नाही, जंगलातला आहे. तिकडच्या दमट जंगलात तो मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात मुळं धरतो आणि खाली लोंबतो. बांडगुळासारखा झाडाचा रस मात्र शोषत नाही, नुसता आधार घेतो. एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पुढची सगळी निगा यातूनच निघते. डोक्यावर फांद्यांची सावली, मुळाशी भुसभुशीत पालापाचोळा, पाणी आलं की लगेच निथळून जाणार, हवा खेळती. हेच आपल्याला घरात करून द्यायचं आहे.

आणखी एक गंमत. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाहीच, ते चपटं झालेलं खोड आहे. म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून फूल येतं आणि त्याचा तुकडा लावला की नवं झाड होतं. बोलताना आपण पानच म्हणू, पण मनात खोड समजा.

घरात जागा कुठे द्यायची?

उजेड भरपूर पण ऊन कोवळं, हा नियम. पूर्वेची खिडकी, ओसरी किंवा पडवी सगळ्यात चांगली. सकाळचं आठ-नऊपर्यंतचं ऊन याला मानवतं. दुपारचं, विशेषतः मार्च ते मे मधलं ऊन लागलं की पानं पिवळी, तांबूस पडतात, भाजल्यासारखे डाग येतात.

याच्या उलट, काही ताया कुंडी घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, देवघराशेजारी ठेवतात. तिथे झाड मरत नाही, पण लांब, बारीक, दोरीसारख्या काड्या फेकत राहतं आणि फूल देत नाही. ते उजेड शोधत असतं बिचारं. साधी ओळख सांगते : दिवसा दिवा न लावता जिथे तांदूळ निवडता येतात, तेवढा उजेड याला हवाच.

झाड लोंबणारं आहे, म्हणून कुंडी उंचावर ठेवा नाहीतर शिंक्यात टांगा. सुतळीचं किंवा काथ्याचं शिंकं आपल्याला विणता येतं. टांगायची सोय नसेल तर कुंडीत दोन-तीन काठ्या रोवून फांद्या सैल बांधा. मोठं झालं की झाड जड होतं, एका बाजूला कलतं. वाऱ्यात कुंडी पडून फुटण्यापेक्षा आधीच आधार दिलेला बरा.

उन्हाळ्यात गरम वारे वाहतात तिकडे कुंडी आत घ्या आणि पाण्याच्या माठाजवळ ठेवा. तिथली हवा जरा ओलसर, गार असते. थंडी याला तशी सोसते, पण रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जायला लागला की कुंडी बाहेर ठेवू नका.

कुंडी आणि माती

कुंडी फार मोठी नको. मुळं थोडी दाटीत असली की फूल चांगलं धरतं. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं कुजतात. रोपाला पाच-सहा इंचाची कुंडी पुरे. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली, काहीही चालेल, पण तळाला चार-पाच भोकं हवीतच. दोन-तीन वर्षांनी एक माप मोठी कुंडी द्या.

नुसती काळी माती अजिबात वापरू नका. ती पाणी धरून ठेवते, वाळली की दगड होते. मिश्रण असं करा :

• एक भाग चाळलेली बागेची किंवा शेताच्या बांधाची माती
• एक भाग कुजलेला पालापाचोळा किंवा कोकोपीट
• एक भाग जाडी वाळू आणि विटांचे बारीक तुकडे
• अर्धा भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत

तळाला नारळाची शेंडी किंवा खापराचे तुकडे टाका, म्हणजे भोकं बुजत नाहीत. मिश्रण तयार झालं की ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा सहज फुटला पाहिजे. चिकट लाडू झाला तर वाळू आणखी घाला. कच्चं शेण घालू नका, मुळं जळतात.

पाणी : इथेच बहुतेक झाडं जातात

निवडुंग आहे म्हणून काही जणी पाणीच देत नाहीत, आणि देवाचं झाड म्हणून काही जणी तुळशीसारखं रोज तांब्याभर ओततात. दोन्ही चूक. बोट मातीत एक पेर घाला. कोरडं लागलं तरच पाणी. ओल लागली तर हात मागे. दिलं की खालून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाका.

उन्हाळ्यात साधारण दोन-तीन दिवसांनी, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, आणि पावसाळ्यात हवा बघून. पण दिवस मोजण्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवा, कारण कोकणातली हवा आणि मराठवाड्यातली हवा सारखी नाही.

टँकरच्या गावातल्या तायांसाठी सांगते. बाकीची झाडं दिवसा हवा घेण्यासाठी पानांवरची बारीक छिद्रं उघडतात आणि त्यातून पाणी उडून जातं. हे झाड ती छिद्रं रात्री, गारव्यात उघडतं. म्हणून ते थोडक्या पाण्यात भागवतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी याला चालतं. मीठ घातलेलं, साबणाचं, भांडी घासलेलं पाणी चालत नाही.

एका पानापासून रोप

आता कान देऊन ऐका, कारण पुढचा हिशोब यावरच आहे.

फुलं संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरात, किंवा मग फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं करायला घ्या. ऐन पावसात तुकडे सडायची भीती जास्त. मागच्या वर्षीचं, भरलेलं, निरोगी पान निवडा. कोवळं, लुसलुशीत नको. स्वच्छ, धारदार कात्रीने वीतभर लांबीचा तुकडा कापा. कापताना खालची बाजू कोणती ते ओळखायला त्या टोकाला खूण करा. तुकडा उलटा लावला की मुळं धरायला अडतो.

कापलेले तुकडे लगेच मातीत लावायचे नाहीत. सावलीत वर्तमानपत्रावर चार-पाच दिवस पसरून ठेवा. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरली पाहिजे. हे चार दिवस धीर धरला नाही, तर निम्मे तुकडे सडतील. मग दीड-दोन इंच खोल लावा, काडीचा आधार द्या, सावलीत ठेवा आणि माती जेमतेम ओलसर ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. पान हलकेच ओढून बघा, अडलं तर मुळं आली. रोज उपटून बघू नका!

लावलेल्या तुकड्याला फूल यायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. गिऱ्हाइकालाही हे आधीच सांगायचं.

कळी आणि फूल

आपल्याकडे जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर हा फुलांचा काळ. बारा वर्षांनी एकदाच फुलतं ही ऐकीव गोष्ट. चांगलं पोसलेलं झाड एकाच पावसाळ्यात दोन-तीनदा बहर देतं.

उन्हाळा संपता संपता मूठभर गांडूळखत द्या. युरिया देऊ नका. त्याने पानं हिरवीगार, मोठी होतील आणि फूल येणार नाही. पानाच्या खाचेत तांबूस टोक दिसलं की ती कळी. तिथून फुलापर्यंत तीन-चार आठवडे. या काळात कुंडीची जागा बदलू नका, फिरवू नका आणि पाण्यात खाडा करू नका. बहुतेकींच्या कळ्या गळतात त्या याच कारणांनी.

खाली लोंबणारी कळी मान वर उचलून आकड्यासारखी वळली आणि फुगली, की समजा एक-दोन दिवसांत फूल. रात्री आठ-नऊला उमलायला लागतं, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण फुलतं आणि सकाळी मान टाकतं. त्याच्या माहेरी रात्री उडणारे मोठे पतंग त्याच्यावर येतात. पांढरा रंग आणि घमघमाट आहे तो त्यांच्यासाठी, अंधारात वाट सापडावी म्हणून.

कीड

पानाच्या खाचेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पुसून काढा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. तपकिरी खवले चिकटलेले असतील तर जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडा. पावसाळ्यात गोगलगाय कोवळे शेंडे खाते, ती रात्री बॅटरी घेऊन वेचायची. बुडाशी पान मऊ, पाणचट झालं तर ती कूज. तो भाग कापून टाका, वरचं चांगलं पान सुकवून नव्याने लावा. झाड गेलं तरी वाण जात नाही.

आता हिशोब

वही काढा. समजा दहा जणींच्या गटाने ५० रोपं केली. पानं घरचीच. पिशवी, माती, खत, वाळू मिळून रोपामागे १५ रुपये धरा. खर्च झाला ७५० रुपये. त्यातली दहा मरतील असं धरून चाला. उरलेली ४० आठवडी बाजारात ६० रुपयांनी गेली तर २,४०० रुपये. जाणं-येणं, जागेची पावती असे ३५० रुपये. हाती उरले १,३०० रुपये. एकीच्या वाट्याला १३० रुपये, आणि तेही चार-पाच महिन्यांनी. भाव तुमच्या बाजाराप्रमाणे बदलून बघा, पण मांडणी अशीच करा.

म्हणजे हा धंदा वाईट आहे का? नाही. भाजी, लोणची, पापड विकायला बसता, त्याच चटईवर ही रोपं ठेवली तर वरकड पैसा मिळतो. हाताने विणलेल्या शिंक्यासकट कुंडी दिली तर किंमत वाढते. श्रावण, गौरी-गणपती, जिल्ह्याचं बचत गटांचं प्रदर्शन, तेव्हा मागणी असते. पण यावर घर चालणार नाही, आणि यासाठी कर्ज काढायची गरज नाही. भांडवल काय लागतं? शेजारणीकडचं एक पान.

आता त्या माणसाचा हिशोब. तो म्हणतो, ३०० रुपयांना रोप घ्या, वर्षाने ६०० ला परत घेतो. ५० रोपांचे झाले १५,००० रुपये. गटाचं अंतर्गत कर्ज दोन टक्क्यांनी घेतलं तर महिन्याला ३०० रुपये व्याज, वर्षाचे ३,६००. म्हणजे १८,६०० रुपये अडकले. वर्षाने तो आलाच नाही, तर तीच रोपं बाजारात ६० रुपयांनी ३,००० ची. बाकी १५,६०० रुपये कुणी भरायचे? ज्या ताईच्या नावावर कर्ज, तिने. आणि तिने नाही भरले तर गटाने, म्हणजे तुमच्या-माझ्या बचतीने.

आणि एक साधा प्रश्न त्यालाच विचारा. “बाबा रे, जे रोप एका पानापासून १५ रुपयांत होतं, ते तू माझ्याकडून ६०० ला कशाला घेशील? स्वतःच्याच अंगणात का नाही लावत?” याचं उत्तर तो देणार नाही. लेखी करार, पावती, कायमचा पत्ता मागा. नुसतं छापील कार्ड आणि गोड बोलणं म्हणजे करार नव्हे. आणि असा कुणीही आला, झाड असो, कोंबडी असो, मसाल्याचं यंत्र असो, तर एकटीने होकार द्यायचा नाही. विषय बैठकीत ठेवायचा, चर्चा करायची आणि ठराव इतिवृत्तात लिहायचा. आपली पंचसूत्री भिंतीवर लावण्यासाठी नाही, अशाच वेळेसाठी आहे.

विकताना खरं बोला

“हे लावलं की लक्ष्मी येते”, “याने आजार बरा होतो” असं सांगून कुणी रोप विकत असेल, आपण तसं विकायचं नाही. चिठ्ठीवर लिहा : घरातलं ब्रह्मकमळ, निवडुंगाचा प्रकार, कोवळं ऊन, बेताचं पाणी, फूल दोन-तीन वर्षांनी. कुणी हिमालयातलं आहे का विचारलं तर नाही म्हणा. खरं ऐकून एखादं गिऱ्हाईक जाईल, पण जे घेईल ते पुढच्या बाजारात पुन्हा तुमच्याच चटईकडे येईल. गटाचं नाव हीच आपली मोठी पुंजी.

फुलाच्या रात्री

शेवटचा मुद्दा झाडाचा नाही, आपला आहे. फूल उमललं की आपण शेजारणींना बोलावतो, ओवाळतो, हळदीकुंकू करतो. छानच आहे. पण त्या रात्री कुणाला बोलावत नाही, तेही बघा. आपल्या गटांमध्ये कितीतरी एकल, विधवा ताया आहेत. कर्जफेडीच्या यादीत त्यांचं नाव वर असतं, आणि हळदीकुंकवाच्या यादीत नसतंच. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ग्रामसभेचा ठराव होईल तेव्हा होईल. आपल्या ओसरीवर कोणाला बोलवायचं, याला तर कुणाचा ठराव लागत नाही ना? फूल एका रात्रीचं. ते बघायला सगळ्यांना बोलवा, आणि त्या ताईच्याही हातात आरतीचं ताट द्या.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

ज्यांच्याकडे झाड आहे त्यांनी फुलं संपल्यावर दोन भरलेली पानं कापून, चार दिवस सुकवून गटात आणायची आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना द्यायची. विकत नाही, अशीच. त्याबरोबर मातीचं मिश्रणही सांगायचं. आणि ज्या गटांनी त्या माणसाला आगाऊ पैसे दिले असतील, त्यांनी लाजून गप्प बसू नका. तारीख, रक्कम, फोन नंबर लिहून फेडरेशनच्या व्यवस्थापकांकडे आणा. एकटीने विचारलं तर तो टाळेल, सगळ्या गटांनी मिळून विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.